अडगळीतला संगणक अभ्यासाला बसवा

परतूर तालुक्यातील आष्टी असो की मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव, संगणकाच्या बाबतीत आपल्या वस्तीत आज दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरात संगणक नाही. दुसऱ्या घरात तो आहे, पण बंद आहे. २००१ साली राज्यात एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि नोकरीसाठी संगणक आला पाहिजे, हे घरोघरी कळले. पोटाला चिमटा घेऊन कुणी मुलासाठी, कुणी मुलीसाठी हप्त्याने संगणक घेतला. पुढे पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेल्या भावाने कंपनीने काढून टाकलेला लॅपटॉप गावी आणून दिला. ती यंत्रे आज कपाटावर टेबलक्लॉथखाली झाकून पडली आहेत. आणि अकरावी-बारावीची मुलगी मोबाइलच्या टीचभर पडद्यावर डोळे फोडून अभ्यास करते. तो मोबाइलही वडील कामाला निघाले की त्यांच्याबरोबर जातो.

वाचकहो, यांतली बरीच यंत्रे बिघडलेली नाहीत. त्यांना निकामी ठरवले गेले आहे. म्हणून घरच्या या पानातून आम्ही आज लिनक्सची ओळख करून देत आहोत आणि जुन्या संगणकावर ते कसे टाकायचे, याची रीतही सांगत आहोत.

यंत्र निकामी कोण ठरवते?

संगणकाचा सारा कारभार पाहणारी एक मूळ प्रणाली असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडे बहुतेकांना तिचे एकच नाव माहीत आहे, ते म्हणजे विंडोज. ही प्रणाली बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी ठरावीक वर्षांनी जुन्या आवृत्तीची देखभाल थांबवते. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केल्यास ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत कंपनीने दिली, एवढेच. देखभाल थांबली म्हणजे संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. पण नव्याने सापडणारी भगदाडे बुजवली जात नाहीत आणि व्हायरसला दार उघडे राहते. विंडोज ११ टाकावे, तर तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि साधारण २०१८ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. कष्टाच्या पैशातून घेतलेले यंत्र चालते आहे, पण कंपनीच्या यादीत ते बसत नाही.

मग आपण दुकानात जातो. दुकानदार थोड्या पैशात 'फॉरमॅट मारून' देतो आणि त्यात विनापरवाना विंडोज टाकून देतो. घेणाऱ्याला हे ठाऊक असतेच असे नाही. आम्ही येथे कुणाला दोष देत नाही. गरज असते आणि परवान्याचे पैसे खिशात नसतात. पण आपण पंचशील घेणारी माणसे आहोत. जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही, हे दुसरे शील रोज म्हणायचे आणि घरातला संगणक मात्र न दिलेल्या वस्तूवर चालवायचा, हे मनाला टोचते. शिवाय अशा प्रतींबरोबर कोणती कीड घरात येते, हे कुणालाच सांगता येत नाही.

लिनक्स ही याच्या उलट गोष्ट आहे. ती दिलेली वस्तू आहे.

लिनक्स आले कोठून?

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू नावाचा प्रकल्प जाहीर केला. सर्वांना मोकळेपणी वापरता येईल अशी संपूर्ण प्रणाली तयार करायची, हा त्यामागचा हेतू होता. तिचे बरेच भाग तयार झाले; पण यंत्राशी थेट बोलणारा मधला गाभा तयार नव्हता. तो गाभा १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला. त्याचे नाव लिनस टोरवाल्ड्स. त्याच्या नावावरून या गाभ्याला लिनक्स म्हणू लागले. १९९२ साली त्याने तो खुल्या परवान्याखाली आणला आणि जगभरातील हजारो लोकांनी त्यात भर घातली.

हे काही हौशी खेळणे नव्हे. आपल्या हातातील अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्सच आहे. जगातील सर्वांत शक्तिमान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातील सगळेच्या सगळे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आहेत. आपल्या देशात पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय भाषांसाठी 'बॉस' नावाचे लिनक्स काढले आहे.

विद्या कुलपात नको

लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीच्या परवान्यात चार मोकळिकी असतात. प्रणाली कोणत्याही कामासाठी वापरावी, ती कशी चालते हे उघडून पाहावे, दुसऱ्याला तिची प्रत द्यावी आणि तिच्यात सुधारणा करून ती सुधारणाही वाटावी. तिची प्रत शेजाऱ्याला दिली तर तो गुन्हा नाही. ती रीतच आहे.

या चार मोकळिकींचे मोल आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्याला ग्रंथ उघडू दिले गेले नाहीत. विद्या ज्याच्या हातात, त्याच्या हातात अधिकार, हे आपण अनुभवाने शिकलो. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले आणि स्वतःचा छापखानाही उभा केला. आपले म्हणणे छापायचे की नाही, हे दुसऱ्याने ठरवू नये, म्हणून साधन आपल्या हाती हवे होते. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांचे भाषण रद्द केले, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापून लोकांपुढे ठेवले. छपाई हाती नसती, तर ते भाषण कदाचित कागदातच राहिले असते. आजचा छापखाना म्हणजे संगणक. तो कधी चालेल आणि कधी निकामी ठरेल, हे घरातल्या माणसांना ठरवता आले पाहिजे.

आधी यंत्र तपासा

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आधी सीपीयूचा डबा वायर काढून उघडा आणि मऊ ब्रशने आतील धूळ झाडा. आपल्याकडील धुळीने पंखे जाम होतात आणि यंत्र तापून बंद पडते. चालू केल्यावर पडदा काळाच राहत असेल, तर वायर पुन्हा काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, तिचे सोनेरी टोक स्वच्छ खोडरबराने हलके पुसा आणि पट्टी घट्ट बसवा. कित्येक 'मेलेले' संगणक एवढ्यावर उठून बसतात. तारीख-वेळ दरवेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्यासारखा सेल संपला आहे. त्याचा नंबर बहुधा सीआर २०३२ असतो आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकीची असली की इंटरनेटची पाने उघडत नाहीत, म्हणून हा सेल आधी बदला.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. नवख्या माणसाला आम्ही 'लिनक्स मिंट' सुचवतो, कारण त्याची मांडणी विंडोजसारखी आहे. त्यातही जुन्या यंत्राला हलकी असलेली 'एक्सएफसीई' ही आवृत्ती घ्यावी. तिला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. रॅम ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. मिंटची २२ वी आवृत्ती २०२४ साली आली असून तिची देखभाल २०२९ पर्यंत आहे. तिला ६४-बिट प्रोसेसर लागतो. फार जुना ३२-बिट प्रोसेसर असेल, तर डेबियन १२ चा ३२-बिट प्रकार घ्यावा. थोडे पैसे जमले, तर जुन्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी बसवा. जुन्या यंत्राचा वेग वाढवणारा याहून चांगला खर्च नाही.

पेनड्राइव्ह तयार करणे

८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या. तो पूर्ण पुसला जाईल, म्हणून त्यात काही ठेवू नका. चालू स्थितीतील कोणत्याही संगणकावर, मित्राच्या घरी किंवा ओळखीच्या सेवा केंद्रात, लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवून घ्या. ती सुमारे ३ जीबीची असते. मोबाइलच्या नेटवर उतरवायची असेल, तर रात्री निवांत लावून ठेवा. अर्धवट उतरलेली फाइल चालत नाही. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करूनही भागत नाही. 'रुफस' किंवा 'एचर' हे मोफत प्रोग्रॅम ती पेनड्राइव्हवर योग्य रीतीने लिहून देतात. हा पेनड्राइव्ह एकदा तयार झाला की एकामागून एक कितीही संगणकांना चालतो. गल्लीत एक पुरे.

एहिपस्सिको : या आणि पाहा

आता पेनड्राइव्ह जुन्या संगणकाला लावा आणि संगणक चालू करताच बूटची यादी उघडणारी कळ दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरच्या यंत्रांवर ती बहुधा एफ-१२ असते, एचपीवर एस्केप किंवा एफ-९. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की काही मिनिटांत लिनक्सचा पडदा समोर येतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अजून तुमच्या हार्डडिस्कवर काहीही लिहिले गेलेले नाही. सारे पेनड्राइव्हवरून चालले आहे. तथागतांनी आपल्या धम्माविषयी सांगितले होते की, कुणी सांगतो म्हणून मानू नका, या आणि पाहा. लिनक्सलाही तोच न्याय लावा. तासभर चालवून पाहा. आवाज येतो का, वायफाय लागते का, कॅमेरा आणि प्रिंटर ओळखला जातो का, हे तपासा. पेनड्राइव्हवरून यंत्र थोडे संथ चालते, तिकडे लक्ष देऊ नका. वायफाय दिसत नसेल, तर मोबाइल चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. नेट लगेच मिळते. मग वायफायचा ड्रायव्हर ड्रायव्हर मॅनेजरमधून शोधता येतो. मनाजोगते झाले नाही, तर पेनड्राइव्ह काढून संगणक बंद करा. पूर्वीचे सारे जागेवर असेल.

कायमचे बसवणे

पसंत पडले, तर पुढे जा; पण त्याआधी घरातील मौल्यवान फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि गुणपत्रकांच्या स्कॅन प्रती, लग्नाचे फोटो, दीक्षाभूमीच्या वारीचे फोटो, गेलेल्या वडीलधाऱ्यांचे आवाज, हे काही पुन्हा मिळत नाही. नुसते कॉपी करून थांबू नका. तो पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्राला लावून प्रत्येक फाइल उघडते का, हे पाहा. मगच पुढचे पाऊल टाका.

पडद्यावर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असे चिन्ह दिसते. त्यावर दोनदा टिचकी मारा. भाषा, कीबोर्ड, वेळेसाठी कोलकाता, तुमचे नाव आणि पासवर्ड एवढेच विचारले जाते. महत्त्वाचा प्रश्न एकच असतो. विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचे की पूर्ण डिस्क पुसून? घरात विंडोजवरच चालणारे काही काम असेल आणि डिस्कवर जागा असेल, तर शेजारी बसवा. संगणक चालू करताना कोणते हवे, हे विचारले जाईल. यंत्र फारच जुने आणि जागा कमी असेल, तर पूर्ण डिस्क द्या. 'डिस्क पुसा' म्हटले की खरोखर सारे पुसले जाते, हे घरातल्या सर्वांना विचारून मगच करा.

अर्धा-पाऊण तास लागतो. मध्येच लाइट गेली तर यंत्र बिघडत नाही, पण सारे पहिल्यापासून करावे लागते. शेजारी-शेजारी बसवताना तर जुन्या फाइलीही धोक्यात येतात. म्हणून भारनियमनाची वेळ टाळून काम करा, लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून घ्या. काम संपल्यावर पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करा आणि नेट जोडून अपडेट मॅनेजर एकदा चालवा. इंटरनेटसाठी फायरफॉक्स, पत्र-अर्ज आणि हिशेबासाठी लिबरऑफिस, पीडीएफ वाचण्याची सोय, हे सारे आत असतेच. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात, ही भीती जुनी झाली. रोजच्या कामाला त्याची गरज पडत नाही.

मराठी कशी लिहायची?

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. कीबोर्डच्या यादीत भारत या गटात मराठी सापडते. सरकारने प्रमाण मानलेली इनस्क्रिप्ट मांडणी तीत आहे. सुरुवातीला ती अवघड वाटते. पण एका बाजूला स्वर, दुसऱ्या बाजूला बहुतेक व्यंजने, हे एकदा ध्यानात आले की महिनाभरात हात बसतो. इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे मराठी लिहिण्याची सोयही जोडता येते. हे सारे युनिकोडमध्ये असते, त्यामुळे आष्टीत लिहिलेला मजकूर मुंबईत किंवा लंडनमध्ये जसाच्या तसा उघडतो. आपल्या साप्ताहिकांची पाने ज्या श्रीलिपीत जुळवली गेली, ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. लिनक्सवर मराठी दाखवणारे 'लोहित' हे अक्षरवळणही मुळात याच कंपनीने घडवले आणि आज ते सर्वांना मोकळे आहे. मात्र श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधील फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात, नाहीतर अक्षरांचा गोंधळ दिसतो.

जे चालणार नाही तेही ऐका

टॅली, फोटोशॉप, कोरल ड्रॉ आणि मायक्रोसॉफ्टचे संगणकावर बसणारे ऑफिस लिनक्सवर सरळ चालत नाही. ज्यांचा रोजगार या प्रोग्रॅमवर आहे, त्यांनी विंडोज काढू नये. लिबरऑफिसमध्ये वर्ड आणि एक्सेलच्या फाइली उघडतात, पण गुंतागुंतीच्या फाइलींची मांडणी कधी कधी हलते. अर्ज पाठवताना पीडीएफ करून पाठवावा. काही जुने प्रिंटर दाद देत नाहीत. मुलाचा क्लास विंडोजवरच परीक्षा घेत असेल, तर आधी तेथे विचारा.

यंत्र आले म्हणजे विद्या आली का?

महाराष्ट्रातलेच एक उदाहरण आहे. प्रत्येक मुलाला एक स्वस्त लॅपटॉप, या जागतिक योजनेचा भारतातील एक पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत झाला. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप लिनक्सवर चालत. मुलांनी ते झटकन आत्मसात केले. पण तो प्रयोग देशभर धोरण म्हणून पसरला नाही. केरळात मात्र २००१ साली सुरू झालेल्या 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्पातून सरकारी शाळा हळूहळू मुक्त प्रणालीवर आल्या. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, पाठ्यपुस्तके त्याला धरून झाली, म्हणून ते टिकले. यावरून आम्ही एवढेच शिकतो की, यंत्राबरोबर शिकवणारे माणूस हवे.

ते माणूस गावात नसेल, तर मुंबईच्या आयआयटीने चालवलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. लिनक्स, लिबरऑफिस, प्रोग्रॅमिंग असे विषय छोट्या छोट्या चित्रफितींतून, मराठी आवाजातही, तेथे फुकट शिकता येतात. घरात कुणाची नजर अधू असेल, तर पडद्यावरील मजकूर वाचून दाखवण्याची सोयही लिनक्समध्ये आहे. पुण्यात वाढलेल्या, किशोरवयात दृष्टी गेलेल्या डॉ. टी. व्ही. रमण यांनी १९९५ साली 'इमॅकस्पीक' हा बोलणारा प्रोग्रॅम खुला केला. स्वतःची अडचण सोडवली आणि उत्तर सर्वांना वाटून टाकले. मुक्त प्रणालीचा आत्मा तो हाच.

विहारातील एक रविवार

राज्य शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले. वसंत मून यांनी त्यांच्या संपादनासाठी आयुष्य वेचले. ते खंड आज पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. मोबाइलवर ती पाने वाचणे जिकिरीचे आहे, पण जुन्या संगणकाच्या १५ इंची पडद्यावर सहज वाचता येतात. विहाराच्या कोपऱ्यात असा एक संगणक मांडला, तर ग्रंथालय आणि अभ्यासिका दोन्ही उभी राहतात.

आमची विनंती एवढीच. गावातील बंद यंत्रे एका रविवारी विहारात आणा. ज्याला येते त्याने दाखवावे, पण हात मुलींना आणि बायकांना लावू द्यावा. मुलगा करील आणि मुलगी बघेल, असे होऊ नये. त्या दिवशी जी मुलगी स्वतःच्या हाताने लिनक्स बसवील, तिला संगणक बंद पडला म्हणून कुणाच्या दुकानी जाऊन उभे राहावे लागणार नाही. आणि तयार झालेला पेनड्राइव्ह कपाटात ठेवू नका. तो शेजारच्या गावाला द्या.

जयभीम!